घटक ५ : जलाशयाकाठचे सार्वजनिक उद्यान – जनहिताच्या मागणीची भाषा

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास –

• 'सार्वजनिक' या शब्दाचा नागरी व्यवहारातील अर्थ स्पष्ट करता येईल.
• पाणवठे आणि उद्याने यांवरील जनतेच्या हक्कासाठी झालेल्या प्रयत्नांत भाषेचे स्थान कोणते होते, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• सामूहिक निवेदनाची अंगे ओळखून मुद्देसूद निवेदन लिहिता येईल.
• कार्यालयीन पत्रोत्तरातील मोघम भाषेचे विश्लेषण करता येईल.

५.१ प्रास्ताविक

वैयक्तिक अर्जात लिहिणारा स्वतःसाठी काही मागतो. रहिवासाचा दाखला, नळजोडणी, रजा ही त्याची उदाहरणे होत. निवेदनात मात्र अनेक जण मिळून अनेकांसाठी काही मागतात. मागणारे आणि लाभ घेणारे यांत अनोळखी माणसेही असतात. काही तर अद्याप जन्मालाही आलेली नसतात. त्यामुळे निवेदनाच्या भाषेवरची जबाबदारी वाढते. या घटकात आपण ही जबाबदारी एका ठोस विषयाच्या आधारे अभ्यासणार आहोत. तो विषय म्हणजे शहरातील तलावाच्या किंवा नदीच्या काठी सर्वांसाठी खुले उद्यान असावे, ही नागरिकांची मागणी.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरात वसला आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या या प्रदेशात पाणी साठवण्याची कला जुनी आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल ही इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातील रचना आजही उभी आहे. तुळजापुरात देवीच्या दर्शनाआधी भाविक कल्लोळ व गोमुख तीर्थांशी थांबतात. संत गोरोबांचे तेर हे तेरणेच्या काठचे गाव. धाराशिव शहराजवळ भोगावती नदी आणि हातलादेवीच्या डोंगराजवळचा तलाव आहे. पाण्याजवळ माणसे जमतात, हा अनुभव या भागाला नवा नाही.

जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा या नगरपरिषदा आहेत. अशा लहान शहरांत मोठी मैदाने, प्रशस्त बागा क्वचितच असतात. गावाबाहेरचा जुना तलाव किंवा नदीचा काठ हीच मोकळी जागा असते. शहर वाढू लागले की तो 'गावाबाहेर' राहत नाही. काठावर प्रथम राडारोडा पडतो, मग पत्र्याचे शेड उभे राहते, पुढे कुंपण येते, आणि एके दिवशी तेथे जाण्याची वाटच उरत नाही. हा क्रम आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या गावी पाहिला असेल.

असा काठ सर्वांचा राहावा यासाठी सदिच्छा पुरेशी नसते. तो सर्वांचा आहे असे ठरावात, नकाशात आणि विकास योजनेत स्पष्ट शब्दांत लिहिले जावे लागते. आणि लिहिले गेलेले लोकांनी प्रत्यक्ष वापरून जिवंत ठेवावे लागते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध हा या घटकाचा गाभा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ 'सार्वजनिक' म्हणजे काय?

व्यवहारात आपण 'सरकारी', 'सामाईक' आणि 'सार्वजनिक' हे शब्द अदलाबदलीने वापरतो. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. 'सरकारी' हा शब्द मालकी सांगतो. सरकारी गोदाम सरकारचे असते, पण तेथे कोणालाही जाता येत नाही. 'सामाईक' हा शब्द ठरावीक व्यक्तींचा संयुक्त हक्क सांगतो. सामाईक विहिरीवर हिस्सेदारांचा हक्क असतो, वाटसरूचा नाही. 'सार्वजनिक' हा शब्द 'सर्वजन' यापासून बनला आहे. तो वापरणाऱ्याची पात्रता विचारत नाही. जात, धर्म, लिंग, पत, वेश, वय यांपैकी काहीही न विचारता जेथे प्रवेश मिळतो, ती जागा सार्वजनिक होय. म्हणून 'ही जागा सरकारी आहे' एवढ्याने नागरिकांची मागणी पूर्ण होत नाही. सरकारी जागा भाडेपट्ट्याने देता येते. 'सार्वजनिक उद्यान' म्हणून नोंदलेल्या जागेचा वापर बदलायचा तर निदान त्यासाठी कारण द्यावे लागते आणि रीतसर प्रक्रिया करावी लागते.

मराठी समाजात या शब्दाला राजकीय बळ मिळाले ते १८७० मध्ये. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी पुढे 'सार्वजनिक काका' या नावानेच ओळखले गेले. या सभेचे वैशिष्ट्य असे की, तिच्या ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे मिळवली होती. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या सरकारच्या संभाव्य प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच लेखी तयार ठेवले होते. १८७५ मध्ये सभेने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे असा अर्ज हजारो सह्यांनिशी पाठवला. अर्ज मान्य झाला नाही; परंतु प्रजेने सरकारला कोणत्या रीतीने लिहावे, याचा एक वस्तुपाठ मराठी माणसांपुढे आला. त्यात प्रतिनिधित्वाचा पुरावा होता, वस्तुस्थितीची मांडणी होती आणि नेमकी मागणी होती. आजच्या निवेदनाची मुख्य अंगेही हीच आहेत.

५.२.२ महाडचे चवदार तळे : ठराव आणि पाऊल

पाण्याच्या काठावरील सार्वजनिक हक्काचा विचार महाडशिवाय अपुरा राहील. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांना मुक्त प्रवेश असावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात तळ्याची पायरी उतरण्याचे धाडस कोणी करू शकत नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले व त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. या कृतीने ठरावातील शब्दाला अर्थ दिला. त्यानंतरचा घटनाक्रमही तितकाच बोधप्रद आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. विरोधक न्यायालयात गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. तळ्यावरील पावलापासून न्यायनिर्णयापर्यंत दहा वर्षे लागली.

या इतिहासातून आपल्या विषयासाठी दोन गोष्टी हाती येतात. एक, ठराव झाला तरी तो वापरला गेला नाही तर तो निष्प्राण राहतो, आणि केलेला ठराव रद्दही होऊ शकतो. दोन, सार्वजनिक जागेची खरी कसोटी तेथे येण्यापासून आजवर कोणाला रोखले गेले, या प्रश्नात असते. तलावाकाठी सुंदर उद्यान झाले, पण पाच पिढ्या तेथे धुणे धुणाऱ्या बायांना, गुरे पाण्यावर आणणाऱ्यांना आणि जाळे टाकणाऱ्यांना तेथून हटवले गेले, तर त्या उद्यानास 'सार्वजनिक' म्हणणे कठीण होईल.

५.२.३ नकाशावरील एक ओळ

महाडमध्ये पावलाचे महत्त्व दिसते, तर अमेरिकेतील शिकागो शहराच्या उदाहरणात लिखित शब्दाचे बळ दिसते. हे शहर मिशिगन सरोवराच्या काठी आहे. १८३६ मध्ये कालव्याच्या कामासाठी नेमलेल्या आयुक्तांनी शहरातील भूखंडांचा नकाशा तयार केला. सरोवराकाठच्या एका पट्टीवर त्यांनी असे नोंदवले की, ही सार्वजनिक भूमी असून ती कायम मोकळी आणि कोणत्याही इमारतीविना राहील. पुढे शहर भरभराटीस आले आणि त्या पट्टीवर अनेकांचे लक्ष गेले. १८९० मध्ये ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने त्या ओळीच्या आधारे न्यायालयात दाद मागितली. त्याचा हा न्यायालयीन झगडा १९११ पर्यंत चालला. आज तेथे ग्रँट पार्क हे विस्तीर्ण उद्यान आहे. वॉर्डचा आग्रह महत्त्वाचा होताच. पण नकाशावर ती ओळ नसती तर तो कशाच्या आधारे उभा राहिला असता?

भारतातही असा दाखला आहे. बेंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारात विकास योजनेनुसार उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. रुग्णालय हेही लोकोपयोगीच नाही का, असा प्रश्न समोर होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांची बाजू ग्राह्य धरली. सार्वजनिक उद्यान आणि खाजगी रुग्णालय यांचे हेतू भिन्न आहेत, एकाची जागा दुसऱ्याला देता येणार नाही, आणि मोकळ्या जागेच्या रक्षणासाठी दाद मागण्याचा रहिवाशांना अधिकार आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. येथेही वादाचा निकाल योजनेत लिहिलेल्या एका शब्दाभोवती फिरला.

डिसेंबर १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातील व्यास नदीच्या काठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व' भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नद्या, समुद्रकिनारे, वने यांसारख्या निसर्गसंपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. म्हणून ती खाजगी लाभासाठी देऊन टाकण्याची त्यास मोकळीक नाही, असे हे तत्त्व आहे. निवेदन लिहिणाऱ्या नागरिकाला या तत्त्वामुळे विनंतीच्या पुढे जाऊन हक्काच्या भाषेत बोलता येते.

५.२.४ 'सुशोभीकरण', 'विकास' आणि 'पुनरुज्जीवन'

आपल्या नगरपरिषदांच्या ठरावांत 'तलाव सुशोभीकरण' हा शब्द वारंवार आढळतो. हा शब्द जागेचे रूप सांगतो, तिच्यावरील हक्काविषयी मौन पाळतो. सुशोभित केलेल्या जागेला तिकीट असू शकते, तिच्यातील अर्धा भाग उपाहारगृहासाठी दिलेला असू शकतो, काठ सिमेंटने बांधलेला असू शकतो. 'उद्यान' हा शब्द जमिनीच्या वापराचा प्रकार सांगतो. 'पुनरुज्जीवन' हा शब्द पाण्याकडे व जीवसृष्टीकडे निर्देश करतो. म्हणून निवेदनात यांपैकी कोणता शब्द घालायचा, हा शैलीचा प्रश्न उरत नाही.

पुण्यातील मुळा-मुठा नद्यांच्या काठाविषयीचा वाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ प्रकल्पाची महापालिकेची मांडणी काठ लोकांसाठी खुला करणे, पदपथ, बागा आणि पूरनियंत्रण अशी आहे. विरोध करणाऱ्या नागरिकांचे म्हणणे असे की, आधी पाणी शुद्ध व्हावे, काठावरची जुनी झाडे व नैसर्गिक उतार राहावेत, पात्र अरुंद होऊ नये. २९ एप्रिल २०२३ रोजी 'चलो चिपको' अशी हाक देऊन मोठ्या संख्येने नागरिक रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजू 'नदी लोकांची' असेच म्हणतात. मतभेद 'लोकांची' या शब्दातून काय घ्यायचे, याविषयी आहे.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीवर वेगळ्या पद्धतीचे काम झाले. तेथे महापालिका, छावणी परिषद, उद्योगसमूहाची संस्था, पर्यावरणक्षेत्रातील संस्था व नागरिक यांनी एकत्र येऊन कचरा काढणे, नाल्यांवर जाळ्या बसवणे, काठावर स्थानिक झाडे लावणे आणि लोकांना बसण्याफिरण्यासाठी जागा तयार करणे असे टप्पे घेतले. 'वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट' या संस्थेच्या शहरविषयक जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीतही या उपक्रमाची निवड झाली. मागणी करणे आणि हातभार लावणे या दोन्ही वाटा नागरिकांना खुल्या असतात, हे यातून दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) 'सामाईक' आणि 'सार्वजनिक' यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
(आ) पुणे सार्वजनिक सभेने मुखत्यारपत्रे का घेतली असावीत?
(इ) 'सुशोभीकरण' हा शब्द निवेदनात अपुरा का ठरतो?

५.२.५ निवेदनाची पूर्वतयारी

निवेदन लिहिण्यापूर्वी पुढील बाबी जाणून घेणे आवश्यक आहे.

(१) जमिनीची नोंद : तलावाचे पात्र आणि काठ यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. काही जमीन शासनाची, काही नगरपरिषदेची, काही जलसंपदा विभागाची, तर काही खाजगी असते. सातबारा उतारा किंवा नगर भूमापनाची मिळकत पत्रिका पाहिल्याशिवाय लिहू नये. खाजगी जमिनीवर उद्यानाची मागणी करताना मालकाला कायदेशीर मोबदला मिळावा, हेही निवेदनात नमूद करणे न्यायाचे होईल.

(२) विकास योजना : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराची विकास योजना तयार होते. तीत उद्याने, शाळा, रस्ते यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कोणाही नागरिकास हरकत वा सूचना लेखी देता येते. हा काळ निसटला तर पुढचा मार्ग अवघड होतो. याच कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. आरक्षण झाले म्हणून नागरिकांनी निश्चिंत राहण्याची सोय नाही.

(३) पाण्याची स्थिती : नदीकाठासाठी निळी पूररेषा (सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी) आणि लाल पूररेषा (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी) पाहाव्यात. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पुराचे पाणी गावांत शिरले. या प्रदेशातील उद्यान दोन्ही टोके सोसणारे असावे. रोज पाणी मागणारी हिरवळ आणि कारंजी उन्हाळ्यात ओझे होतील. पाण्याच्या वाटेत बांधलेल्या भिंती पावसाळ्यात. कडुनिंब, करंज, चिंच, वड यांची सावली आणि मातीची पायवाट कमी खर्चात टिकते.

(४) आजचा वापर : सकाळ-संध्याकाळ तेथे कोण येते, कशासाठी येते, याची काही दिवस नोंद ठेवावी. पोळ्याला बैल धुणारे, गणेश विसर्जनास येणारे, व्यायाम करणारे, मासेमारी करणारे या सर्वांशी बोलावे. बोलण्यातून मिळालेले तपशील विशेषणांपेक्षा अधिक परिणामकारक असतात.

कागदपत्रे सहज मिळत नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ती मागता येतात. सामान्यतः ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक असते. अशा अर्जात 'तलावाकडे दुर्लक्ष का झाले?' असे विचारू नये. 'अमुक सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रमाणित प्रत द्यावी' असे लिहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मत होईल. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे कागद असेल.

५.२.६ निवेदनाचा नमुना

पुढील नमुना अभ्यासासाठी तयार केलेला असून तो कल्पित आहे.

दिनांक : ............

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
............ नगरपरिषद, जि. धाराशिव.

विषय : तलावाकाठची जमीन विकास योजनेत 'सार्वजनिक उद्यान' म्हणून दर्शविण्याबाबत.

संदर्भ : १) प्रारूप विकास योजनेची जाहीर सूचना, दि. ............
२) मिळकत पत्रिका क्र. ............

महोदय/महोदया,

आम्ही खाली सही करणारे शहरातील रहिवासी आहोत. शहराच्या पश्चिमेकडील जुन्या तलावाचा काठ हा दाट वस्तीतील तीन प्रभागांना पायी पोहोचता येईल असा एकमेव मोकळा भूभाग आहे. संदर्भ २ नुसार त्यापैकी सर्व्हे क्र. ............ ही जमीन नगरपरिषदेच्या मालकीची आहे. संदर्भ १ मधील नकाशात तिचा कोणताही सार्वजनिक वापर दर्शविलेला नाही.

आम्ही दि. ............ ते ............ या सात दिवसांत सकाळी व सायंकाळी काठावर येणाऱ्यांची नोंद घेतली. तिचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यावरून तेथे फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, खेळणारी मुले, धुणे धुणाऱ्या महिला, पशुपालक व मासेमार असे पाच प्रकारचे वापरकर्ते नियमित येतात, असे दिसते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. नगरपरिषदेने सदर जमीन विकास योजनेत 'सार्वजनिक उद्यान' म्हणून दर्शविण्याचा प्रस्ताव आगामी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.
२. उद्यानातील प्रवेश विनामूल्य राहील, आणि धुण्याचा घाट, गुरांची पाणवाट व होड्या बांधण्याची जागा कायम राहील, असे ठरावात नमूद करावे.
३. सदर जमिनीचा कोणताही भाग भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव आल्यास नगरपरिषदेने निर्णयापूर्वी तो जाहीर करून हरकती मागवाव्यात.
४. तलावाला मिळणारे ओढे नगर अभियंत्यांनी नकाशावर चिन्हांकित करावेत व त्यांवर बांधकाम परवानगी देऊ नये.

पहिली दोन वर्षे झाडांना पाणी घालणे व काठाची मासिक स्वच्छता यांची जबाबदारी घेण्यास आम्ही तयार आहोत. या निवेदनावर झालेला निर्णय आम्हांस ३० दिवसांत लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
(नावे, पत्ते, सह्या)

सोबत : १) नोंदीचा तक्ता २) काठाचा हस्तनकाशा ३) सह्यांची यादी
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, धाराशिव, सहायक संचालक, नगररचना.

५.२.७ भाषिक विश्लेषण

या नमुन्यातील वाक्यरचनेकडे लक्ष द्या. आपल्याकडील कित्येक निवेदने 'तरी सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी व आम्हांस न्याय मिळावा' या वाक्याने संपतात. या वाक्यात कर्ता नाही. कार्यवाही कोणी करावी, कोणती करावी, केव्हापर्यंत करावी, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. 'करण्यात यावी' या कर्मणी रचनेने विनय साधतो, असे आपणास वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे जबाबदारी कोणाचीच राहत नाही. 'नगरपरिषदेने प्रस्ताव आगामी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा' या वाक्यातही विनय आहे, कारण विध्यर्थ 'ठेवावा' हा आज्ञार्थ नाही. शिवाय त्यात कर्ता, कर्म, ठिकाण आणि वेळ आहे. असे वाक्य पूर्ण झाले की नाही, हे पुढे तपासता येते.

दुसरी बाब विशेषणांची. 'निसर्गरम्य', 'ऐतिहासिक', 'शहराचे वैभव' अशा शब्दांनी निवेदन भरले की वाचणारा अधिकारी ते भाषण समजून बाजूला ठेवतो. 'तीन प्रभागांना पायी पोहोचता येईल असा एकमेव मोकळा भूभाग' हे वर्णन कोरडे आहे, पण ते खोडून काढायचे तर दुसरा भूभाग दाखवावा लागेल.

तिसरी बाब विरोधी बाजूच्या विचाराची. नगरपरिषदेकडे देखभालीसाठी पैसा कमी असतो; जागा ठेकेदाराला दिल्यास उत्पन्न मिळेल, हा युक्तिवाद वावगा नाही. त्याला दूषण देऊन उत्तर मिळत नाही. नमुन्यात देखभालीचा भार नागरिकांनी काही काळ उचलण्याची तयारी दाखवली आहे, आणि भाडेपट्ट्याला सरसकट विरोध न करता निर्णयापूर्वी जाहीर चर्चेची अट मागितली आहे. समोरच्याची अडचण समजून केलेली मागणी नाकारणे अधिक कठीण असते.

५.२.८ उत्तराचे वाचन

निवेदन दिले की पोच घ्यावी आणि आवक क्रमांक जपून ठेवावा. उत्तर आल्यास तेही लेखनाइतक्याच काळजीने वाचावे. 'आपल्या निवेदनाची दखल घेण्यात आली असून निधीच्या उपलब्धतेनुसार यथावकाश निर्णय घेण्यात येईल' हे वाक्य पाहा. 'दखल घेण्यात आली' यात कृती नाही. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' यात अट आहे, पण रक्कम नाही. 'यथावकाश' यात काळ आहे, पण तारीख नाही. शिवाय आपली पहिली मागणी नकाशातील नोंदीची होती. तिला निधी लागत नाही. म्हणजे उत्तर न मागितलेल्या गोष्टीला दिले आहे. याचे स्मरणपत्र लिहिताना रोष व्यक्त करण्याऐवजी एवढेच लिहावे : 'मागणी क्र. १ साठी निधीची आवश्यकता नाही. ती कोणत्या दिनांकाच्या सभेपुढे ठेवली जाणार आहे, हे कळवावे.'

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'तलावाची दुरवस्था दूर करण्यात यावी' या वाक्यात कर्ता, मुदत व नेमकी कृती घालून ते पुन्हा लिहा.
(आ) कलम १२७ मुळे नागरिकांनी कोणती दक्षता घ्यावी लागते?

५.३ सारांश

जलाशयाचा काठ सार्वजनिक आहे असे म्हणणे म्हणजे तेथे प्रवेशासाठी कोणतीही पात्रता विचारली जाणार नाही, असे म्हणणे होय. पुणे सार्वजनिक सभेने प्रतिनिधित्व लेखी सिद्ध करण्याची रीत दाखवली. महाडच्या सत्याग्रहाने ठरावातील हक्क प्रत्यक्ष वापरून खरा केला. शिकागो व बेंगळुरू येथे नकाशातील व योजनेतील शब्दांच्या आधारे उद्याने वाचली. पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील अनुभवांतून 'विकास' व 'पुनरुज्जीवन' या शब्दांमागील दृष्टिभेद समजतो. प्रभावी निवेदनासाठी जमिनीची नोंद, विकास योजना, पाण्याची स्थिती व आजचा वापर यांची माहिती हवी. वाक्यांत कर्ता, कृती व मुदत स्पष्ट हवी. आणि विरोधी बाजूची अडचण ध्यानात घेतलेली हवी.

५.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

मुखत्यारपत्र : आपल्या वतीने बोलण्याचा वा कृती करण्याचा अधिकार दुसऱ्यास देणारा लेख.
वहिवाट : दीर्घकाळ चालत आलेला वापर किंवा प्रथा.
प्रारूप : अंतिम होण्यापूर्वीचा मसुदा.
आरक्षण (नगररचनेत) : विशिष्ट सार्वजनिक उपयोगासाठी जमीन राखून ठेवणे.
व्यपगत होणे : मुदत संपल्याने निष्प्रभ होणे.
विश्वस्त : दुसऱ्यांच्या हितासाठी मालमत्ता सांभाळणारा.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) सामाईक वस्तूवर ठरावीक हिस्सेदारांचा हक्क असतो. सार्वजनिक जागेवर कोणाचाही, पात्रतेची अट न घालता, हक्क असतो. (आ) आपण किती लोकांच्या वतीने बोलतो, हे सरकारला लेखी दाखवता यावे म्हणून. (इ) तो जागेचे रूप सांगतो; प्रवेश, मालकी व वापर यांविषयी काही सांगत नाही.

प्रश्न २ : (अ) 'नगरपरिषदेने तलावात येणारी सांडपाण्याची गटारे ३१ मेपूर्वी वळवावीत.' (यासारखे कोणतेही वाक्य चालेल.) (आ) उद्यानासाठी आरक्षित खाजगी जमीन दहा वर्षांत संपादित होते की नाही, यावर लक्ष ठेवून वेळीच पाठपुरावा करावा लागतो.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'ठराव आणि पाऊल' यांतील परस्परसंबंध चवदार तळ्याच्या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करा.
२. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व सांगून निवेदनाच्या भाषेवर त्याचा होणारा परिणाम विशद करा.
३. दैनिकात प्रसिद्ध झालेले नागरी प्रश्नावरील एखादे वाचकपत्र निवडा. त्यातील कर्ता नसलेली वाक्ये शोधून ती पुन्हा लिहा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील वा शहरातील एका तलावाला, नदीकाठाला किंवा बारवेला भेट द्या. एका सकाळी व एका संध्याकाळी तेथे येणाऱ्यांची नोंद करा. किमान तीन वेगवेगळ्या वापरकर्त्यांना, त्यांत किमान एक महिला असावी, ही जागा कशी असावी असे विचारा. त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. त्या टिपणाच्या आधारे, नगरपरिषद वा ग्रामपंचायतीस उद्देशून सुमारे ३०० शब्दांचे निवेदन तयार करा. त्यांच्या बोलीतील कोणते शब्द प्रमाणभाषेत आणताना अर्थ बदलला, याची स्वतंत्र नोंद जोडा. अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात आपले निवेदन वाचून दाखवा. आणि ज्यांच्याशी आपण बोललात त्यांना ते मान्य असेल, तर त्यांच्या सह्यांनिशी ते खरोखरच सादर करा.